उजवी पाकळी

आमच्या पेडण्याकडे विहीर खणायची असो, मुलगी द्यायची असो की म्हैस विकायची असो, माणूस आधी देवीला विचारतो. गुरव देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावतो, तुमच्या वतीने गाऱ्हाणं घालतो, आणि तुम्ही हात जोडून बघत राहायचं. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. ह्याला कौल म्हणतात. माझं माहेर डिचोलीचं, तिथंही हेच. मी अजून दर सोमवारी देवळात जाते. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं ऐकून लोक म्हणतील, म्हातारी नास्तिक झाली. झाली नाही. माझा राग देवीवर नाही, विचारणाऱ्यांवर आहे.

गोवा राज्य झालं त्या वर्षीची दिवाळीची सुटी. माझी थोरली मुलगी दहावीत होती. चौथीपर्यंत ती गावातल्या मराठी शाळेत शिकली, खुद्द बापाच्या हाताखाली, कारण माझा नवरा त्या शाळेचा मास्तर. गाव त्यांना मास्तर म्हणायचा म्हणून मीही मास्तरच म्हणत आले. पाचवीला ती पेडण्याच्या हायस्कुलात गेली आणि एका दिवसात सगळं इंग्रजी झालं. हुशार वगैरे नव्हती हो ती. आपल्या पोरांना हुशार म्हणायची आयांना सवय असते, मला नाही. मध्यम होती, चिकाटीची होती. एक धडा चार वेळा वाचला की तिच्या डोक्यात बसायचा, आणि एकदा बसला की हलत नसे. तिला पुढे काय व्हायचंय ते तिनं कधी सांगितलं नाही. पण धारगळच्या हमरस्त्यावर उभं असताना म्हापशाची बस आली की ती आतल्या कॉलेजच्या पोरींकडे बघत राहायची. आपली बस आली तरी लक्ष नसायचं. मी काय ते समजले होते.

आदल्या वर्षी भाषेच्या भांडणात शाळा कितीतरी दिवस बंद होत्या. कधी रस्ते अडवलेले, कधी बस नाही. अभ्यास आधीच मागे पडलेला. म्हणून ही दिवाळीची सुटी म्हणजे तिची खरी शाळा होती. तिनं जनेलाखालचा, म्हणजे खिडकीखालचा, बांक पुसून घेतला, पुस्तकं लावली, आणि सुटी लागायच्या आधीच कावीळ घेऊन घरी आली.

डोळे हळदीसारखे. लघवी काळ्या चहासारखी. डिचोलीहून माझ्या भावानं झाडपाल्याचं औषध आणलं, म्हापशाच्या डॉक्टरचंही चालू होतं. तेल बंद, हळद बंद, मीठ बेताचं. नरकचतुर्दशीला घरात पाच तऱ्हेचे पोहे झाले आणि तिला ताकातले फिके. सगळ्यात वाईट म्हणजे औषध देणाऱ्यानं बजावलं, डोळ्यांना ताण द्यायचा नाही, वाचायचं नाही. झालं! सुटीभर जी पोर पुस्तकात डोकं घालून बसणार, तिला सांगितलं डोळे मिटून पड.

बांकाशेजारच्या खाटेवर ती पडून राहिली दोन-तीन दिवस. मग एका सकाळी, मी तिला पेज भरवत असताना, म्हणाली, "आई, तू वाच. मी आयकतंय."

"मी? माका खय येता इंग्रजी?"

"अक्षरां येतत मगे?"

अक्षरं येत होती. लग्नानंतर मास्तरांनीच हौसेनं शिकवली होती, तेव्हा त्यांना माझ्यासाठी वेळ असायचा. पण अक्षरं येणं आणि वाचता येणं ह्यात पेडणं आणि पणजीएवढं अंतर. तरी बसले. टी, एच, ई. ती डोळे मिटून म्हणायची, "द." एच, ई, ए, आर, टी. "हार्ट." असा एक-एक शब्द मी फोडायचा आणि तिनं जोडायचा. मग पूर्ण वाक्य ती पुन्हा म्हणायची, आणि मला अर्थ सांगायची, कारण मी विचारल्याशिवाय पुढे जात नसे. काळजाला चार खोल्या असतात हे मला त्या बांकावर कळलं. म्हटलं, बाई गो, आमच्या अख्ख्या घराला तीन! ती हसली. कावीळ झाल्यापासून पहिल्यांदा हसली.

एक शब्द आला, त्यात पुढे 'के' होता आणि तो म्हणायचा नाही म्हणे. म्हटलं, म्हणायचा नाही तर छापला कशाला मेल्यांनी? ती म्हणाली, "आई, तू भांडा नको. फुडे वाच."

सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलचा भोंगा वाजला की आमचा अभ्यास सुरू. चुलीवर भात ठेवून मी पुस्तक घ्यायची, मध्येच उठून भात बघायची, हात पुसून परत. दुपारी सासूबाईंना जेवायला वाढून पुन्हा. सुटी अर्धी सरली तेव्हा मी अख्खे शब्द वाचायला लागले होते. चुकायची, ती दुरुस्त करायची. मी चुकले की तिला तो शब्द जास्त पक्का लक्षात राहायचा, असं ती म्हणायची. मला खूश करायला म्हणत असेल. पण खरंच तिला येत होतं. मी उलटसुलट प्रश्न घालायची, पुस्तकावर बोट ठेवून शब्द न शब्द ताडून बघायची, आणि ती बरोबर सांगायची. आयुष्यात मला त्या दिवसांइतकं बरं कधी वाटलं नाही. घरात आजारपण होतं, आणि मला बरं वाटत होतं. असंही असतं.

आणि मास्तर? मास्तर लष्कराच्या भाकऱ्या भाजत होते. मराठीचं काय होणार, कोंकणीचं काय होणार, आमच्या शाळा राहणार की जाणार, रोज संध्याकाळी कुणाच्या ना कुणाच्या अंगणात बैठक. आम्ही घरात बोलतो ती मराठी की कोंकणी हे ठरवायला माणूस चार मैल चालत जायचा, आणि घरात पोर तापानं काय बरळते ते त्याला ठाऊक नसायचं. एकदा बोलून दाखवलं. म्हणाले, "तुला नाही कळायचं. पुढच्या पिढीचा प्रश्न आहे." पुढची पिढी आत खाटेवर पिवळी पडून होती!

सुटी संपता संपता हायस्कुलातून निरोप आला. परीक्षेला कोण बसणार ते कळवा. पोर आजारी असेल तर थांबवलं तरी चालेल, पुढल्या वर्षी बसू दे. निरोप आणणारा शिपाई अंगणातच उभा होता. मी म्हटलं, बसणार. मास्तर म्हणाले, "थांब. विचारून सांगतो."

मला वाटलं डॉक्टरांना विचारणार. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, सोवळं नेसून, नारळ घेऊन निघाले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मीही पदर खोचून मागोमाग गेले.

देवळात गुरवानं पाकळ्या लावल्या. गाऱ्हाणं घालायच्या आधी त्यानं मास्तरांना विचारलं, काय म्हणून विचारू? इथंच सगळं असतं. देवी होय म्हणते किंवा नाही म्हणते. काय विचारायचं ते माणूस ठरवतो. मास्तर म्हणाले, "चेडवाक ह्या वर्सा घराक बसवून तिचो जीव राखूचो काय, असां विचार."

तुम्हीच सांगा. पोरीला घरी बसवून जीव राखू काय म्हणून विचारलं तर कुठली आई नाही म्हणेल? उजवी पाकळी पडली. लगेच पडली, गुरवाचं गाऱ्हाणं संपायच्या आत.

मी तिथंच बोलले. देवळात बायका मोठ्यानं बोलत नाहीत, मी बोलले. म्हटलं, असं नव्हे, परीक्षेला बसवू काय म्हणून विचारा. गुरव म्हणाला, एकाच गोष्टीचा कौल त्याच दिवशी दोनदा लागत नाही. मास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी वर्गात चुळबुळ करणारं पोर. घरी येऊन हातपाय धुतले आणि आईला सांगितलं, "देवीन सांगल्यान, घराक बसू दी." सासूबाईंनी हात जोडले. मी आतल्या खोलीकडे पाहिलं. दार उघडंच होतं, पोर जागी होती, सगळं ऐकत होती.

मी हरणारी नव्हे. सोमवारी मास्तर बैठकीला गेल्यावर मी एकटी देवळात गेले. गुरव बिचकला. "वयनी, घरचो दादलो खय?"

"दादलो भाषा वाचवूक गेलो. तू पाकळ्यो लाव."

तो नको-नको म्हणत होता. मी नारळ पुढ्यात आपटल्यासारखा ठेवला, तेव्हा लावल्यान. मी सांगितलं तसंच त्यानं विचारलं. चेडवाक परीक्षेक बसवू? बराच वेळ काहीच हललं नाही. समईची वात चुरचुरत होती. आणि मग पडली. उजवीच पडली! मी ती पाकळी पदराच्या टोकाला बांधली आणि सगळी वाट धावत आले, चाळीशीला टेकलेली बाई, रस्त्यावरची माणसं बघत राहिली.

रात्री मास्तर जेवायला बसले, त्यांच्या पानाशेजारी पाकळी ठेवली. काय ते सांगितलं. त्यांनी घास खाली ठेवला, रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, मी भांडले असते. शांतपणे म्हणाले, "घराच्या माणसानं घेतलेला तो कौल. बाईमाणसानं परस्पर घेतलेला घरावर लागत नाही. गुरवालाही ठाऊक आहे, विचार त्याला."

विचारलं. गुरव जमिनीकडे बघत म्हणाला, "पयलो कौल तो कौल, वयनी. तुमी हट केल्यात म्हणान लावलंय." शिरां पडो त्याच्या तोंडावर, असं मी मनात म्हटलं, आणि देवीच्या दारात म्हटलं म्हणून दुसऱ्या क्षणी कान धरले.

हायस्कुलात कळवलं गेलं. थांबवतो म्हणून.

मी दुसऱ्या दिवशी सवयीनं पुस्तक घेऊन बांकावर बसले. भूगोल राहिला होता. म्हटलं, असू दे, पुढल्या वर्षी लागेल. तिनं डोळे उघडले. पिवळेपणा बराच उतरला होता, डोळे जवळजवळ स्वच्छ झाले होते. म्हणाली, "नको आई. तुझो घसो बसता." आणि भिंतीकडे वळली.

ती रडली नाही. आदळआपट नाही, अबोला नाही. पंधरा दिवसांत खडखडीत बरी झाली आणि विहिरीचं पाणी ओढायला लागली. शिमग्यानंतर तिच्या वर्गातल्या पोरी परीक्षेला गेल्या तेव्हा ती परसात होती, काजूबिया वेचत. बिया काढलेली बोंडं एका बाजूला, बिया एका बाजूला. त्या दिवशी तिनं नेहमीपेक्षा जास्त वेचल्या.

पुढल्या वर्षी बसेल म्हटलं होतं ना? पुढल्या वर्षी सासूबाईंचं अर्धं अंग गेलं. त्यांना उचलायला, पुसायला, भरवायला माणूस हवं होतं, आणि घरात एक रिकामी पोर होती. असंच म्हणाले सगळे, रिकामी. म्हातारी दोन वर्षं अंथरुणावर होती. ती गेली तोवर पोर अठरा ओलांडून गेलेली. मी म्हटलं, आता बस. तर म्हणाली, धाकट्या पोरींच्या बाकावर बसायची लाज वाटते. मग वाळपईचं स्थळ आलं, बाजारात कापडाचं दुकान, माणसं चांगली. तिथं मात्र मास्तरांनी कौल लावायच्या आधीच होकार कळवून टाकला. म्हटलं, वा! आता देवी नको वाटतं? म्हणाले, चांगलं स्थळ थांबत नाही.

ह्या गोष्टीवरून मी मास्तरांना आयुष्यभर सोललं. कुणाची मुलगी ग्रॅज्युएट झाली की सोललं, कुणाची नर्स झाली की सोललं. मीठ कमी पडलं म्हणाले तरी मी परीक्षेवर यायची. आणि प्रत्येक वेळी शेवटी म्हणायची, मी गेले होते, माझी पाकळीही उजवीच पडली होती, तुम्ही मानली नाही. ते ऐकून घ्यायचे. म्हातारपणी त्यांना ऐकू कमी यायला लागलं, त्यातलं खरं किती नि सोयीचं किती देव जाणे.

परवाच्या दिवाळीत मुलगी घरी आली, धाकटीला घेऊन. ही नात बारावीत. स्कूटरवरून पडून उजवा हात मोडून घेतलेला, कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टर. वाळपईला दुकानात दिवाळीची झुंबड, म्हणून अभ्यासाला आजोळी. जनेलाखालचा तोच बांक. पोर पाय पसरून मोठमोठ्यानं पाठ करत बसायची. मोपाच्या विमानतळावरून विमान उठलं की थांबायची, ते गेलं की पुढचा शब्द. प्लास्टर लवकर निघालं नाही तर लिहायला दुसरं माणूस मिळतं म्हणे, हिनं बोलायचं नि त्यानं लिहायचं. मी म्हटलं, मग तुला काय कमी, हात मोडलाय, तोंड कुठे मोडलंय?

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर मास्तर आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, हातात नारळ. ऐंशी ओलांडलेला माणूस, दाराच्या चौकटीला धरून चपला शोधतोय. "हिचा हात असा. यंदा थांबवावी का बसवावी, देवळात जाऊन येतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुरूच झाले. म्हटलं, एकीचं वाटोळं केलंत तेवढं पुरलं नाही? तेव्हा माझी पाकळी मानली असती तर आज माझी पोर कुठल्या कुठे असती...

"आई, पुरे."

मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हाताला नारळाचा चव लागलेला. आवाज चढलेला नव्हता. इतक्या वर्षांत ती ह्या विषयावर एकदाही बोलली नव्हती. मीच बोलायची, तिच्या वतीनं.

"बाबांनी देवीक विचारल्यानी," ती म्हणाली. "तू पण देवीक विचारलंस. दोगांय देवळात जाऊन इल्यात. मी भितूर खाटीर होतंय. माका कोणी विचारूक नाय."

धावत आले होते, पाकळी पदराला बांधून. पण कुठं आले होते? थेट स्वयंपाकघरात. मग मास्तरांच्या पानापाशी. तिच्या खाटेवरून दोनदा गेले असेन.

मग मी विचारलं. आता विचारून काय उपयोग, तरी विचारलं. म्हटलं, "विचारलंय असतंय तर काय सांगलंस असतंस?"

"बसतंय म्हणान. नापास झालंय असतंय तरी चलला असता, आई. नापास जातत त्येंका परत बसाक सांगतत. आमच्या वर्गातली दोगां नापास झाली, दोगांय परत बसली, पास झाली. जी बसाकच नाय तिका कोणी परत बस म्हणाना. तिका सगळी रिकामी म्हणतत."

मास्तरांना किती ऐकू आलं माहीत नाही. त्यांनी नारळ हळूच कदेलीवर, दाराजवळच्या खुर्चीवर, ठेवला आणि शेजारी उभे राहिले. आम्हा दोघांकडेही न बघता मुलगी बांकाकडे गेली, आपल्या पोरीसमोर उभी राहिली. म्हणाली, "तू सांग. परीक्षेक बसतलंस काय थांबतलंस?"

नातीनं पुस्तकातून डोकंही वर काढलं नाही. डाव्या हातानं पान उलटत म्हणाली, "बसतलंय मगे. ह्यां काय विचारूचां?"

आणि पुढचं वाक्य पाठ म्हणायला लागली. माझी मुलगी तिथंच उभी राहून ऐकत होती. मग हाताला लागलेला चव पदराला पुसला, आणि बांकाच्या टोकाला, तिच्या पायांपाशी, बसली.